जेन लाउडन : अर्धीच वाचलेली लेखिका

एखाद्या लेखिकेला साफ विसरून जाण्यापेक्षा तिला अर्धवट लक्षात ठेवणे अधिक घातक असते, असे आमचे मत आहे. विसरलेली लेखिका निदान कधीतरी कोणाला तरी नव्याने सापडू शकते. अर्धवट लक्षात ठेवलेलीच्या बाबतीत मात्र ‘ही आम्हांला ठाऊक आहे’ असे म्हणून दार लावून घेतले जाते, आणि आत काय राहिले याची चौकशी करण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. जेन लाउडन (१८०७-१८५८) हे अशा अर्धवट स्मरणाचे ठळक उदाहरण होय.

विज्ञानकथेच्या इतिहासकारांना ती ‘द ममी!’ या १८२७ सालच्या कादंबरीची कर्ती म्हणून माहीत आहे. उद्यानविद्येच्या इतिहासकारांना ती जॉन क्लॉडिअस लाउडन या विख्यात उद्यानतज्ज्ञाची पत्नी आणि लेखनिक म्हणून माहीत आहे. पहिल्यांच्या लेखी तिचे आयुष्य १८३० साली, विवाहाच्या दिवशी जवळजवळ संपते. दुसऱ्यांच्या लेखी ते नेमके त्याच दिवशी सुरू होते. कादंबरीकार जेन वेब आणि बागकामाची पुस्तके लिहिणारी मिसेस लाउडन अशा दोन बाया जणू एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत. या दोन अर्ध्या चरित्रांना जोडणारे जे वाक्य ठिकठिकाणी आढळते त्याचा आशय असा, की एका आश्वासक कल्पक लेखिकेने लग्नानंतर कल्पनाविश्वाचा त्याग केला आणि ती उपयुक्त पुस्तकांकडे वळली. या ‘वळली’त जो सुस्कारा आहे त्यालाच आमचा आक्षेप आहे. तो सुस्कारा जेन लाउडनच्या आयुष्यातला नाही. तो आपल्या, म्हणजे साहित्य शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या मंडळींच्या, वाङ्मयविषयक समजुतीतून आलेला आहे. कादंबरी म्हणजे साहित्य आणि खत घालण्याची रीत सांगणारे गद्य म्हणजे साहित्याबाहेरचे काहीतरी, हे आपण आधीच ठरवून ठेवले आहे. मग त्या रेषेपलीकडे गेलेली प्रत्येक लेखिका आपल्याला ‘वाया गेलेली’ दिसणारच.

प्रथम चरित्र पाहू. जेन वेबचा जन्म बर्मिंगहॅमच्या परिसरातला. वडील थॉमस वेब हे सधन कारखानदार. तिच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास आई वारली. त्यानंतर बापलेक काही काळ युरोपात हिंडले आणि तेथे तिने परभाषा शिकून घेतल्या. पुढे वडिलांचा पैसा व्यापारात बुडाला, आणि १८२४ मध्ये तेही गेले. सतरा वर्षांच्या, हाती काही नसलेल्या सुशिक्षित मुलीपुढे त्या काळी मार्ग मोजकेच होते : कोणाच्या तरी घरी मुलांची शिक्षिका होणे, नातेवाइकांची आश्रित होणे किंवा लिहिणे. तिने लिहिणे पत्करले. त्याच वर्षी तिचे गद्यपद्याचे एक पुस्तक निघाले आणि तीन वर्षांनी ‘द ममी! बाविसाव्या शतकाची एक कथा’ ही तीन खंडांची कादंबरी लंडनच्या हेन्री कोलबर्न या प्रकाशकाने काढली. तिच्यावर लेखकाचे नाव नव्हते.

मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ ची. मृत देहात विद्युत्शक्तीने प्राण फुंकण्याची कल्पना तेथून आलेली आहे, हे उघड आहे. पण जेन वेबने तिचे पुढे जे केले ते सर्वस्वी निराळे आहे. तिची कथा २१२६ साली घडते. इंग्लंडात राणीचे राज्य आहे, लोक फुग्यांतून प्रवास करतात, पत्रे तोफेच्या गोळ्यांत घालून गावोगाव उडवली जातात, वाफेवर चालणारी यंत्रे वकिली आणि शस्त्रक्रिया करतात. पिरॅमिडमधून उठवलेला फेरो चिऑप्स हा राक्षस नाही. तो इंग्लंडात येऊन राजकारणात पडतो आणि पुष्कळदा जिवंत माणसांपेक्षा शहाणपणाचा सल्ला देतो. या सगळ्या यंत्रांच्या गर्दीत एक वाफेचा नांगरही आहे. तो आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा, म्हणून वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

कारण त्यासारख्या यंत्रांनीच जॉन लाउडनचे लक्ष वेधले. ‘द गार्डनर्स मॅगझिन’ हे नियतकालिक तो १८२६ पासून चालवीत होता. १८२८ मध्ये त्याने आपल्या बागायतदार वाचकांसाठी या कादंबरीतल्या सुधारणांची दखल घेतली. लेखक पुरुष असणार असे गृहीत धरून त्याला भेटण्याची इच्छा त्याने धरली होती. १८३० च्या फेब्रुवारीत भेट झाली तेव्हा समोर बावीस वर्षांची तरुणी होती. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला त्यांचा विवाह झाला. तो तिच्याहून चोवीस वर्षांनी मोठा. उपचार बिघडल्याने उजवा हात कापावा लागलेला, डाव्या हाताचीही एकदोन बोटेच काय ती कामाची. लंडनच्या बेजवॉटर भागातल्या पोर्चेस्टर टेरेस येथील घरी तो सांगे आणि ती लिहून घेई. १८३८ मध्ये पूर्ण झालेला त्याचा ‘आर्बोरेटम एत फ्रुटिसेटम ब्रिटॅनिकम’ हा आठ खंडांचा वृक्षकोश या जोडीच्या श्रमांतून उभा राहिला आणि त्याने सुमारे दहा हजार पौंडांचे कर्जही मागे ठेवले. हे कर्ज फेडण्याच्या दिवसांत जेनने स्वतःच्या पुस्तकांना हात घातला. १८४० मध्ये ‘गार्डनिंग फॉर लेडीज’ आले, १८४१ मध्ये ‘द लेडीज कंपॅनियन टु द फ्लॉवर गार्डन’, १८४२ मध्ये ‘बॉटनी फॉर लेडीज’. ती खपली, पुन्हा पुन्हा छापली गेली. अमेरिकेत अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग या नामवंत उद्यानतज्ज्ञाने १८४३ मध्ये त्यांतल्या पहिल्या दोहोंची एकत्र आवृत्ती संपादित केली.

येथे आपले समीक्षक सुस्कारा सोडतात. त्यांचे म्हणणे तीन कलमांत मांडता येईल. एक, कल्पनाशक्ती आटली. दोन, हे पैशासाठी केलेले लेखन होते. तीन, ज्ञान नवऱ्याचे होते. तिने ते बायकांसाठी सोपे करून सांगितले, एवढेच. ही तिन्ही कलमे आम्ही क्रमाने तपासतो.

पहिले कलम. ‘गार्डनिंग फॉर लेडीज’ हे पुस्तक ज्यांनी उघडलेले नाही त्यांना असे वाटणे साहजिक आहे, की त्यात गुलाब, जाई, ताटवे आणि भावुक उद्गार असतील. प्रत्यक्षात पहिले प्रकरण जमीन खणण्याचे आहे आणि दुसरे खताचे. घोड्याच्या ताज्या लिदीची ऊब वापरून रोपांसाठी गरम वाफा कसा करावा, हे फुलांच्या कितीतरी आधी येते. पुढे पेरणी, रोपांची लावणी, पाणी देणे, मग दाब कलम, डोळा भरणे, भेट कलम अशा अभिवृद्धीच्या रीती. आपल्याकडे कोकणातल्या बागायतदाराच्या तोंडी असलेले हे शब्द वापरल्याशिवाय त्या प्रकरणांचा मराठीत साधा परिचयही करून देता येत नाही, इतके ते लेखन कामाच्या जवळचे आहे.

आणि त्या पहिल्या प्रकरणात तिने केले काय? खणणे हे कष्टाचे, स्त्रीच्या नाजूक हातापायांना न झेपणारे काम दिसते, हे ती आधी मान्य करते. मग यंत्रशास्त्राचे तत्त्व पुढे आणते. जे काम मोठ्या शक्तीने झटपट होते तेच काम थोड्या शक्तीने, अधिक वेळ देऊन, सावकाश करता येते. याचा अर्थ असा, की प्रश्न बायकी शरीराचा नाही, अवजाराचा आणि वेळेच्या हिशेबाचा आहे. सरळ दांड्याच्या, पायाने दाबून मातीत घुसवायच्या विलायती फावड्याचे पाते अरुंद करा, दांडा बाईच्या मुठीत मावेल इतका बारीक आणि गुळगुळीत करा, एका वेळी थोडीच माती उचला, त्याच रेषेवरून पुन्हा पुन्हा खणा; लहान बागेला लागेल तेवढे सारे खणकाम बाई स्वतःच्या हाताने करू शकते. फावडे मातीत तिरके न घालता जवळजवळ उभे का घालायचे, माती भुसभुशीत केल्याने मुळांपर्यंत काय पोहोचते, पायात आणि हातात काय घालावे, हे सर्व ती कारणांसह सांगते. ‘असे करा’ म्हणून ती थांबत नाही, ‘असे का’ हे प्रत्येक वेळी येते.

आता तो वाफेचा नांगर आठवावा. वयाच्या विशीत जिने शरीरश्रमाचा भार यंत्रावर सोपवलेला समाज कल्पिला, तिनेच तेरा वर्षांनी हाताशी यंत्र नसलेल्या बाईसाठी श्रमाची नवी वाटणी मांडली. माणसाचे बळ आणि त्याने करायचे काम यांमधले अंतर कशाने भरून काढायचे, हा दोन्ही ठिकाणचा प्रश्न एकच आहे. कादंबरीत उत्तर वाफेचे होते, बागेत ते तरफेचे आणि संथपणाचे आहे. जी घटना अद्याप घडलेली नाही ती घडू शकेल असे बारकाव्यांनिशी दाखवणे, याला आपण कल्पनाशक्ती म्हणत असू तर १८४० च्या इंग्लंडात मध्यमवर्गीय बाईच्या हाती फावडे देऊन, ते मातीत कसे जाईल हे तिला पायरीपायरीने दिसायला लावणे, ही कल्पनाशक्ती नाही तर दुसरे काय? फरक इतकाच, की कादंबरी वाचून कोणी फुग्यातून इजिप्तला गेले नाही.

ज्यांना गोष्टच हवी त्यांच्यासाठीही सांगून ठेवतो, की गोष्ट सांगणे तिने सोडलेले नव्हते. १८४० मध्ये अ‍ॅग्नेस मर्टन नावाच्या मुलीची आणि तिच्या आईची सफर तिने लिहिली. त्यातून मुलांना प्राणिसृष्टी समजावून दिली. अ‍ॅग्नेस हे तिच्या स्वतःच्या मुलीचे नाव. १८४५ चे ‘द लेडीज कंट्री कंपॅनियन’ हे पुस्तक तर पत्ररूप आहे. शहरातून खेड्यातल्या घरी नांदायला गेलेल्या ॲनी नावाच्या नवविवाहितेला ही पत्रे लिहिली आहेत. घर, स्वयंपाकघर, बाग, परसातली जनावरे, परिसर अशी एकेका गोष्टीची ओळख होत जाते. पत्ररूप कादंबरीचे तंत्र इंग्रजी साहित्याच्या वर्गात रिचर्डसनपासून शिकवले जाते. तेच तंत्र कोंबड्या पाळण्याची माहिती देऊ लागले, की ते तंत्र राहत नाही काय?

दुसरे कलम पैशाचे. होय, हे लेखन पैशासाठी होते. ‘द ममी!’सुद्धा पैशासाठीच होती; अनाथ मुलीने ती हौसेने लिहिली नव्हती. सर वॉल्टर स्कॉट १८२६ च्या आर्थिक अरिष्टात बुडाला आणि उरलेले आयुष्य कर्ज फेडण्यासाठी लिहीत राहिला. त्याचे चरित्रकार या गोष्टीला त्याच्या चारित्र्याचा कळस मानतात. बाल्झाकचे कर्ज तर दंतकथेचाच भाग झाले आहे. कर्जबाजारी पुरुष लिहितो तेव्हा ती जिद्द ठरते आणि कर्जबाजारी कुटुंबातली बाई लिहिते तेव्हा तो व्यवसाय ठरतो, असा हा न्याय आहे. त्यातही स्कॉटच्या कर्जाला त्याचे स्वतःचे व्यवहार पुष्कळसे जबाबदार होते. जेन जे फेडीत होती ते नवऱ्याच्या ग्रंथाचे देणे होते.

तिसरे कलम सर्वांत चिवट, कारण त्याला पुरावा खुद्द जेनने पुरवला आहे. लग्न झाले तेव्हा वनस्पती आणि बागा यांविषयी आपल्याइतके अडाणी कोणी नसेल, लाउडनची बायको म्हणून लोक आपल्याकडून ज्ञानाची अपेक्षा करीत आणि आपल्याला शरम वाटे, जे शिकलो ते नवऱ्याकडून, असे तिने प्रस्तावनेत मोकळेपणाने लिहिले आहे. एवढे वाचून आमचे विद्वान पुस्तक मिटतात. बाईनेच कबुली दिली, आणखी काय हवे?

त्यांनी दोन परिच्छेद पुढे वाचायला हवे होते. या कबुलीचा ती जो उपयोग करते तो नम्रतेचा नाही, युक्तिवादाचा आहे. आपण अलीकडेच शिकलो, म्हणून शिकणाऱ्याला कोठे अडते ते आपल्याला माहीत आहे. जन्मभर त्यात मुरलेल्याला ते आठवत नाही. ‘बॉटनी फॉर लेडीज’च्या प्रस्तावनेत हाच मुद्दा ती नाव घेऊन मांडते. जॉन लिंडले हा त्या काळचा आघाडीचा वनस्पतिशास्त्रज्ञ. १८२९ मध्ये लंडनच्या नव्या विद्यापीठात अध्यापनाचा प्रारंभ करताना त्याने खेद व्यक्त केला होता, की या शास्त्राला गंभीर पुरुषांच्या विचाराचा विषय न मानता स्त्रियांची करमणूक मानण्याची रूढी पडली आहे. पुढे याच लिंडलेने स्त्रियांसाठी ‘लेडीज बॉटनी’ लिहिली. जेनने ती वाचली आणि आपला अभिप्राय छापून टाकला, की आपल्याला जे जाणून घ्यायचे होते त्यातले निम्मेही त्यात नाही, आणि आपल्याला न समजणारे मात्र पुष्कळ आहे. ज्यांचे ज्ञान त्यांच्या वयाबरोबर वाढले, त्या पुरुषांना नवशिक्याच्या अज्ञानाची कल्पनाच करता येत नाही. म्हणून त्यांची प्राथमिक पुस्तकेही लॅटिनमधून लिहिलेल्या लॅटिन व्याकरणासारखी, गुरूवाचून न उलगडणारी होतात. आमच्या मते अध्यापनशास्त्राविषयी एकोणिसाव्या शतकात लिहिल्या गेलेल्या नेमक्या विधानांपैकी हे एक आहे, आणि ते एका प्राध्यापकाला उद्देशून, विद्यापीठाचे दार बंद असलेल्या बाईने केलेले आहे. लंडन विद्यापीठाने स्त्रियांना पदव्या देण्याचे ठरवले ते १८७८ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी.

त्याच प्रस्तावनेत ती सांगते, की लहानपणी लिनिअसच्या पद्धतीची वनस्पतिशास्त्राची पुस्तके तिला नकोशी वाटत. पुढे एका पुष्पप्रदर्शनात तिला गडद तांबड्या फुलांचा एक ताटवा दिसला. नाव विचारले तेव्हा ती फुले मॅलोपची, म्हणजे आपल्या जास्वंदी-भेंडीच्या कुळातल्या एका झाडाची, असल्याचे कळले. कुळ म्हणजे काय, दिसायला वेगळ्या झाडांत सारखे काय असते, हे त्या क्षणी तिला उमगले आणि शिकण्याची इच्छा झाली. पाहा, येथे नवऱ्याने शिकवले असे नाही, प्राध्यापकाने शिकवले असेही नाही. एका दृश्यातून प्रश्न निर्माण झाला आणि प्रश्नातून शास्त्राची वाट सापडली. या अनुभवावरच तिने सबंध पुस्तकाची रचना बेतली : आधी ओळखीचे फूल, मग त्याचे कूळ, मग पद्धती.

आणि आता पुस्तकाच्या नावाची गोष्ट. ‘बॉटनी फॉर लेडीज’ची दुसरी आवृत्ती १८५१ मध्ये निघाली ती ‘मॉडर्न बॉटनी’ या नावाने. मुखपृष्ठावरून बायका गेल्या आणि त्यांच्या जागी आधुनिकता आली. ॲन श्टाइर यांनी स्त्रिया आणि वनस्पतिशास्त्र यांविषयीच्या १९९६ च्या आपल्या अभ्यासात या नामांतराकडे लक्ष वेधले आहे. ज्या पुस्तकाला दहा वर्षांपूर्वी ‘बायकांपुरते’ म्हटले जात होते, तेच आता सर्वांना चालण्याजोगे ठरले. म्हणजे ‘लेडीज’ हे विशेषण आशयाचे वर्णन कधीच नव्हते. ते दुकानातल्या फळीचे नाव होते. आपण मात्र अजूनही फळीचे नाव वाचून पुस्तकाची किंमत ठरवतो.

जेन लाउडनची मूर्ती करून पूजा करण्याचा आमचा बेत नाही. तिच्या ‘लेडीज’ म्हणजे सर्व स्त्रिया नव्हेत, हे स्पष्ट म्हणायला हवे. ज्यांच्या घरामागे बाग आहे, ज्यांना दुपार मोकळी आहे, जड काम पडल्यास माळी बोलावता येतो, अशा सुखवस्तू बायकांसाठी ती लिहिते. शेतावर मजुरीने राबणाऱ्या बाईला खणणे झेपते की नाही, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारत नव्हते, आणि तिनेही विचारलेला नाही. इंग्लंडच्या ताटव्यांत जी फुले तिने वर्णिली त्यांतली कितीतरी दूरदेशींहून, साम्राज्याच्या आणि व्यापाराच्या वाटेने आलेली होती. तो इतिहास तिच्या पानांत नुसत्या मूळस्थानाच्या उल्लेखापुरता येतो. नवऱ्याच्या चरणी कृतज्ञता वाहण्यात ती कधी कधी अति करते. हे दोष दाखवावेत, अवश्य दाखवावेत. पण ते दाखवण्यासाठीही आधी वाचावे लागते. डिकन्सच्या मर्यादांवर आपल्याकडे प्रबंध होतात, कारण डिकन्स वाचला जातो. मर्यादा दाखवून घेण्याचा मानही या बाईच्या वाट्याला आलेला नाही.

तिच्या अखेरच्या वर्षांविषयी थोडे सांगितले पाहिजे. जॉन लाउडन १४ डिसेंबर १८४३ रोजी वारला. तरुण माळ्यांनी स्वतःच शिकावे म्हणून लिहायला घेतलेले पुस्तक तो शेवटपर्यंत सांगत होता. ते जेनने पूर्ण करून छापवले आणि त्याला त्याचे लहानसे चरित्र जोडले. आज जॉन लाउडनविषयी जे लिहिले जाते त्याचा एक प्रमुख आधार ते चरित्र आहे. तिचे चरित्र लिहायला मात्र घरात कोणी जेन नव्हती. १८४९ च्या अखेरीस निघालेल्या ‘द लेडीज कंपॅनियन अ‍ॅट होम अँड अ‍ॅब्रॉड’ या नियतकालिकाची ती संपादक झाली. पुढच्याच वर्षी तिला ते पद गमवावे लागले. सरकारकडून वर्षाला शंभर पौंडांचे निवृत्तिवेतन मिळे. त्यावर आणि जुन्या पुस्तकांच्या सुधारित आवृत्त्यांवर संसार चाले. १३ जुलै १८५८ रोजी ती वारली, तेव्हा वय पन्नास होते.

मृत्यूनंतर तिच्या लेखनाचे जे झाले तेही पाहण्याजोगे आहे. तिच्या ‘लेडीज फ्लॉवर गार्डन’ मालेतल्या मोठ्या ग्रंथांत रंगीत शिलामुद्रित चित्रे होती. जुन्या वस्तूंच्या बाजारात त्या ग्रंथांची पाने सुटी करून चित्रे चौकटीत विकली जातात. मजकुराला गिऱ्हाईक नसते. ‘द ममी!’ची संक्षिप्त आवृत्ती अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने १९९४ मध्ये काढली, ती विज्ञानकथेचा पूर्वज म्हणून. बी हाउ यांनी १९६१ मध्ये जेनचे चरित्र लिहिले. ते लिहिले हे त्यांचे उपकारच. पण नाव काय दिले? ‘लेडी विथ ग्रीन फिंगर्स’. ज्या बाईने आयुष्यभर बोटांनी लेखणी धरली, स्वतःसाठी आणि हात गमावलेल्या नवऱ्यासाठीही धरली, तिच्या बोटांचा गौरव झाला तो झाडे जगवणारी म्हणून. ज्ञान, युक्तिवाद आणि गद्यशैली यांचे श्रेय हाताच्या गुणाला देऊन मोकळे होण्याची ही रीत आपल्याला अपरिचित नाही. आपल्याकडेही ‘तिच्या हाताला चव आहे’ असे म्हटले, की पाककृतीचा शोध, प्रयोग आणि नोंद यांचा विचार संपतो.

यावर आम्हांला विचारले जाईल, की एका इंग्रज बाईच्या बागकामाच्या पुस्तकांशी मराठीच्या विद्यार्थ्याचे काय देणेघेणे? आमचे उत्तर असे, की ज्या काटेकोर रेषेने जेन लाउडनची दोन शकले केली तीच रेषा आपल्या अभ्यासमंडळांच्या टेबलावरूनही जाते. आपण गद्याचे ‘ललित’ आणि ‘ललितेतर’ असे दोन भाग करतो आणि दुसऱ्या भागात उपयुक्ततेचा नुसता वास आला तरी नाक मुरडतो. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ आपण सन्मानाने शिकवतो, आणि ते योग्यच आहे. त्यात झाडे आहेत पण ती कशी लावावीत हे नाही, म्हणून ते ललित. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ घरोघर वापरले गेले, परंतु मराठी गद्याच्या इतिहासात त्याची शैली, त्याची वाक्यरचना, वाचणाऱ्या बाईशी ते ज्या रीतीने बोलते ती रीत, यांचा विचार किती ठिकाणी झाला? सूचना देणारे गद्य लिहिणे ही भाषेची सर्वांत कठीण परीक्षा आहे. तेथे संदिग्धतेला सौंदर्य म्हणून खपवता येत नाही. वाचणारीच्या हातात फावडे असते. वाक्य चुकले तर रोप मरते.

कोणत्या शतकात स्त्रियांना कोणते गद्य लिहिण्याची मुभा होती, याचा विचार केला तर या रेषेचे राजकारण आणखी स्पष्ट होते. प्रवचन, महाकाव्य, तत्त्वज्ञान, संसदेतले भाषण ही दारे बंद होती. पाकशास्त्र, बागकाम, मुलांचे शिक्षण, आजाऱ्याची शुश्रूषा ही दारे उघडी होती. आधी त्यांना या खोल्यांत कोंडायचे आणि मग त्या खोल्याच साहित्याच्या घरात मोजायच्या नाहीत, असा हा दुहेरी अन्याय आहे. स्त्रीलेखनाच्या अभ्यासक्रमात आणखी दोन कादंबऱ्या घातल्याने तो दूर होणार नाही. घराचा नकाशाच पुन्हा काढावा लागेल.

म्हणून आमची मागणी लहान आणि नेमकी आहे. ज्या महाविद्यालयांत ‘फ्रँकेन्स्टाइन’ शिकवली जाते, तेथल्या शिक्षकांनी एक तास काढून ‘गार्डनिंग फॉर लेडीज’चे पहिले प्रकरण वर्गात वाचावे. ते इंग्रजीत आहे, त्याला स्वामित्वहक्काची अडचण नाही आणि ते लांबही नाही. विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे : या गद्यात बोलणारी कोण आहे, ती कोणाशी बोलते आहे, तिने कोणता आक्षेप गृहीत धरला आहे, आणि तो कोणत्या क्रमाने खोडला आहे? हे प्रश्न आपण कोणत्याही निबंधाला विचारतो. उत्तरे मिळाली नाहीत तर आम्ही आमचे म्हणणे मागे घेऊ. मिळाली, तर मात्र पुढच्या वर्षी ते प्रकरण अभ्यासक्रमात का नाही, याचा खुलासा अभ्यासमंडळाने करावा.

मराठीत ‘कलम’ या एकाच शब्दाने आपण लेखणीही सांगतो आणि एका झाडावर दुसरे झाड जोडण्याची क्रियाही. जेन लाउडनला दोन्ही कलमे येत होती. त्यांतले एक धरून दुसरे टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?